तालमीतील शेक्सपिअर : भाषांतर, बोली आणि नाट्यविद्यार्थी

शेक्सपिअरच्या मराठी अवतारांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने भाषांतराच्या अंगाने झाला आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' (1867), आगरकरांचे 'विकारविलसित' (1883), देवलांचे 'झुंजारराव' (1890), वासुदेव बाळकृष्ण केळकरांचे 'त्राटिका' (1891), शिवराम महादेव परांजप्यांचे 'मानाजीराव' (1898) ही नावे पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मूळ संहिता आणि भाषांतर शेजारी ठेवून काय गळले, काय वाढले, नावे कशी बदलली हे दाखवले की अभ्यास पुरा झाला, असे मानले जाते. परंतु ही सर्व नाटके कोणाच्या तरी तोंडात बसावी लागली, हा भाग या पद्धतीत निसटतो. तालीम ही भाषांतराची दुसरी, आणि बहुधा अधिक कठोर, परीक्षा असते. ती कशी, हे नाट्यविद्यार्थ्याच्या अनुभवाच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

'विकारविलसित'चेच उदाहरण घ्यावे. आगरकर नाटककार नव्हते. त्यांचे गद्य निबंधकाराचे आहे. तरीही शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी (1867–1922) साकारलेला हॅम्लेट मराठी रंगभूमीवर दंतकथा होऊन राहिला. या दोन टोकांना जोडणारा दुवा तालमीत होता. 'त्राटिका'चे कर्ते प्रा. केळकर हे इंग्रजीचे अध्यापक. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ या मंडळीला झाला, अशी नोंद रंगभूमीच्या इतिहासात आढळते. ज्या नटाचे शालेय शिक्षण बेताचे, त्याला इंग्रजीचा प्राध्यापक भूमिकेचा अर्थ उलगडून सांगतो आहे, हे दृश्य मराठी शेक्सपिअरच्या इतिहासात एखाद्या भाषांतराइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे. नटाला मूळ भाषा येत नव्हती. पण वाक्यामागची मनःस्थिती त्याच्यापर्यंत पोहोचली, आणि ग्रांथिक वाक्य त्याने तिच्या जोरावर पेलले.

जुन्या मंडळ्यांत नटाला संपूर्ण नाटक वाचावयास मिळेलच असे नसे. त्याच्या हाती पडे ती 'नक्कल', म्हणजे केवळ त्याच्या भूमिकेची वाक्ये आणि आधीच्या पात्राचे शेवटचे चार शब्द. शेक्सपिअरच्या नटांची रीतही हीच होती, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. रॉबर्ट ग्रीनच्या नाटकातील ऑर्लँडोची, एडवर्ड ॲलिन या नटाची नक्कल डलिच येथे आजही जतन केलेली आहे. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील कारागीर रानात तालीम करतात, तेव्हा बिचारा फ्लूट आपली सगळी वाक्ये मधल्या सूचनेच्या शब्दांसकट एका दमात म्हणून टाकतो. हा विनोद ज्याने कधी नक्कल पाठ केली आहे त्यालाच पुरता कळतो. संपूर्ण संहिता हाती असलेल्या आजच्या विद्यार्थ्यालाही एखादी तालीम केवळ नकलेवर घेऊन पाहण्यास सांगितले, तर त्याचे ऐकणे ताबडतोब बदलते. पुढे काय येणार हे ठाऊक नसल्याने तो समोरच्या पात्राकडे खरोखर कान देऊ लागतो.

तालमीतील दुसरी अडचण वाक्यरचनेची असते. इंग्रजीत क्रियापद लवकर येते. विचार पुढे पुढे उमलत जातो आणि नट त्याच्याबरोबर चालतो. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी. मूळ स्वगतातील एखादे लांब वाक्य मराठीत आणताना भाषांतरकाराने सगळी विशेषणवाक्ये आधी रचली, तर नटाला अखेरच्या शब्दापर्यंत श्वास आणि अर्थ दोन्ही धरून ठेवावे लागतात. श्वास मध्येच तुटला की क्रियापद मरगळते, आणि मराठी वाक्याचे मर्म तर तेथेच असते. वाचकाला हा दोष दिसत नाही, कारण डोळा मागे जाऊ शकतो. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' (1954) केला आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगाचे दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने केले. नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांच्यासारख्या मुरलेल्या नटांसमोर मराठी मातृभाषा नसलेला दिग्दर्शक उभा आहे, अशा तालमीत शब्दार्थाइतकाच लयीचाही प्रश्न पुढे येणे अपरिहार्य होते.

मात्र खानदेशातील नाट्यविद्यार्थ्यापुढचा प्रश्न यापेक्षा अधिक जवळचा आहे. नशिराबाद हे जळगाव-भुसावळ रस्त्यावरील मोठे गाव. तेथून जळगावच्या महाविद्यालयात येणारी एखादी विद्यार्थिनी कल्पावी. घरी लेवा बोली, बाजारात उर्दू-हिंदीचे शब्द, वर्गात प्रमाण मराठी. युवक महोत्सवासाठी मॅक्बेथमधील प्रवेश बसवायचा ठरतो आणि तिच्याकडे लेडी मॅक्बेथ येते. पहिल्याच वाचनाला तिला अडवले जाते ते अर्थावरून नव्हे, 'ळ'वरून. तिच्या बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'वेळ'चा 'वेय', 'काळा'चा 'काया'. 'पाणी'चे 'पानी' होते. आता मॅक्बेथ हे नाटकच डोळे, वेळ, काळोख आणि हात धुण्याचे पाणी यांचे. म्हणजे जे शब्द भूमिकेचा कणा आहेत, नेमके त्यांच्यावरच ती अडखळते. 'काळ' हा शब्द बोलीच्या उच्चाराने म्हटला, तर ऐकणाऱ्याला तो 'काय' असा प्रश्नच वाटण्याचा संभव असतो. त्यामुळे सुधारणा अनाठायी आहे असे म्हणता येत नाही. परंतु पुढचे पंधरा दिवस ती वाक्य म्हणताना केवळ जिभेवर पहारा ठेवते. उच्चार शुद्ध होतो आणि अभिनय नाहीसा होतो.

येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. नशिराबादपासून फार दूर नसलेल्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, ती बोलीचे उच्चार राखूनच. त्या उच्चारांवर प्रबंध लिहिले जातात. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. जो 'य' काव्याच्या तासाला भाषावैभव ठरतो, तोच तालमीत दोष ठरतो. प्रमाण भाषेचे नाटक प्रमाण उच्चारात व्हावे हे मान्य करूनही, तो उच्चार कोणत्या टप्प्यावर मागायचा हे ठरवणे शिक्षकाच्या हाती असते.

अनेक जाणते तालीममास्तर हा क्रम उलटा करतात. लेडी मॅक्बेथ झोपेत चालते तो पाचव्या अंकातील प्रवेश यासाठी सोयीचा आहे. एरवी पद्यात बोलणारी ही राणी येथे गद्यात बोलते. वाक्ये तुटक, मधूनच सुटणारी, एका आठवणीवरून दुसरीवर उडी घेणारी. क्रियापदाची वाट पाहत श्वास कोंडण्याचा प्रसंग येथे येत नाही. विद्यार्थिनीला हा प्रवेश आधी घरच्या बोलीत, संहिता मिटून, सांगावयास लावावा. रात्री झोपेत बडबडणारी बाई प्रमाण भाषेत बडबडत नाही, हे तिला कोणी समजावून द्यावे लागत नाही. हात चोळण्याची गती, मध्येच थांबणे, कुजबुज हे सारे तिला त्या सांगण्यातच सापडते. मग त्याच हालचालींवर भाषांतराचे शब्द चढवावेत आणि 'ळ' अगदी शेवटी, रंगीत तालमीच्या आधी, घासून घ्यावा. असे केल्याने जीभ सुधारते, पण प्रवेशाचा मालकी हक्क तिच्याकडेच राहतो.

यातून भाषांतराचीही पारख होते. जे वाक्य बोलीतून प्रमाण भाषेत येताना हालचालीशी जुळत नाही, ते बहुधा कागदासाठीच लिहिलेले असते. अशा वाक्यांवर विद्यार्थ्यांनी नकलेच्या समासात खूण करावी. दोन भाषांतरे असल्यास दोन्ही तालमीत म्हणून पाहावीत. भाषांतरमीमांसेच्या लघुप्रबंधाला याहून चांगली सामग्री क्वचितच मिळेल.

आणि शेक्सपिअरच्या संहितेत सगळीच पात्रे दरबारी भाषा बोलत नाहीत. मॅक्बेथमधला दारुडा द्वारपाल आहे, हॅम्लेटमधले थडगे खणणारे आहेत. मराठी प्रयोगात त्यांच्या तोंडी सरसकट एक ठोकळेबाज 'ग्रामीण' भाषा घातली जाते. ती कोणत्याही गावात बोलली जात नाही. त्या थडगे खणणाऱ्याला लेवा बोलीतच बोलू दिले, तर राजपुत्राला शब्दात पकडणारा त्याचा बेरकीपणा कसा ऐकू येतो, हे जळगावच्या एखाद्या तालमीत करून पाहण्याजोगे आहे. तेथे 'कवटीचे डोळे' हे शब्द 'डोये' म्हणूनच यावेत.