बाटलीवरील चिठ्ठी

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडल्यावर प्रयोगशाळेचें मोठें कपाट आम्हीं झाडण्यासाठीं रिकामें केलें, तेव्हां अगदीं खालच्या फळीवर दोन बाटल्या अशा सांपडल्या कीं, त्यांत काय आहे हें कोणासच सांगतां येईना. दोहोंतील द्रव पाण्यासारखा स्वच्छ, दोहोंस कांचेचीं बुचें. एकीवरील चिठ्ठी तपकिरी होऊन बोट लागतांच तिचा चुरा झाला. दुसरीवरील चिठ्ठीचा एक कोपरा कसरीनें खाल्लेला होता. बाकीचा कागद जागच्या जागीं होता, परंतु त्यावर अक्षरांऐवजीं फिकट निळा डाग तेवढा राहिला होता. बाटल्या शाबूत, द्रव शाबूत, आणि नांव मात्र गेलेलें! नववींतील एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें "वास घेऊन पाहूं कां?" म्हणून विचारलें. आम्हीं त्याला मागें सारलें. अनोळखी बाटली हुंगणें हें अनोळखी औषध पिण्यासारखेंच अविचाराचें आहे. पण खरें बोलावयाचें तर दोष त्या मुलाचा नव्हता. ज्यांनीं त्या चिठ्ठ्या लिहिल्या व डकविल्या त्यांचा, म्हणजे आमचाच होता.

स्वयंपाकघरांतील डब्यांवर नांवें नसलीं तरी अडत नाहीं. हळद रंगावरून, हिंग वासावरून आणि मीठ चवीवरून ओळखतां येतें. प्रयोगशाळेंत रंगाचा उपयोग थोडा, वासाचा धोक्याचा, आणि चवीचा तर मुळींच नाहीं. तीव्र गंधकाम्ल, दाहक सोड्याचें पाणी, स्पिरिट व नळाचें पाणी हीं चार शेजारीं ठेविलीं तर डोळ्यांस त्यांत फारसा भेद दिसत नाहीं. तेथें बाटलीवरील चिठ्ठी हीच आपली दृष्टि.

ती नसल्यास काय होतें याचें एक उदाहरण इतिहासांत नमूद आहे. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं १८५८ च्या ऑक्टोबर महिन्यांत पेपरमिंटच्या वड्या खाऊन लोक आजारी पडूं लागले. त्या काळीं साखर महाग असे, म्हणून मिठाई करणारे तींत पांढऱ्या मातीसारखी एक स्वस्त भुकटी मिसळीत. त्या दिवशीं औषधविक्याच्या नोकरानें भुकटी दिली ती चुकीच्या पिंपांतून. पिंपावर नीट नांव नव्हतें, आणि आंत सोमल होता. सुमारें वीस माणसें दगावलीं व दोनशेंहून अधिक आजारी पडलीं. पुढें १८६८ सालीं इंग्लंडांत कायदा झाला, त्यानें विष विकतांना वेष्टनावर पदार्थाचें नांव, 'विष' हा शब्द आणि विकणाऱ्याचें नांव व पत्ता हीं लिहिणें बंधनकारक केलें. ब्रॅडफर्डला नांवच लिहिलें नव्हतें. आमच्या कपाटांत तें लिहिलें होतें, पण टिकलें नाहीं. हातांत बाटली घेणाऱ्याच्या दृष्टीनें दोहोंत अंतर तें काय?

चिठ्ठी कां टिकत नाहीं? कागद म्हणजे झाडांचा तंतु. तीव्र गंधकाम्लास पाण्याची हांव इतकी कीं, तें तंतूंतील हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्याच्या रूपानें ओढून घेतें आणि मागें काळा कोळसा ठेवतें. विरल गंधकाम्ल निरुपद्रवी वाटतें, पण ओघळांतील पाणी उडून जातें, आम्ल उडत नाहीं. तें दिवसेंदिवस तीव्र होत जातें, आणि ज्या ठिपक्याकडे आपण दुर्लक्ष केलें तेथें कांहीं दिवसांनीं भोंक दिसतें. नत्राम्लानें कागद पिंवळा व ठिसूळ होतो. दाहक सोड्यानें तो फुगतो आणि खालची खळ सुटते. स्पिरिट कागदास कांहीं करीत नाहीं, शाई मात्र धुऊन नेतें. शिवाय शेजाऱ्यांचाहि उपद्रव असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया यांच्या बाटल्या एकाच फळीवर ठेविल्या तर दोहोंच्या वाफा एकत्र होऊन नवसागराचा पांढरा थर आजूबाजूच्या सर्व बाटल्यांवर बसतो. या सर्वांवर आमच्याकडील पावसाळा! दमट हवेनें चिठ्ठीवर बुरशी येते, आणि कणकेची खळ लावली असेल तर ती कसरीला मेजवानीच होते. जुने पुस्तकबांधणी करणारे खळींत मोरचूद घालीत, तो याचसाठीं.

आतां शाईचा विचार करूं. आम्हीं नववीच्या मुलांकडून एक साधा प्रयोग करविला. जाड कागदाच्या पट्ट्यांवर एकच शब्द पांच प्रकारांनीं लिहिला: फाउंटन पेनच्या निळ्या शाईनें, बॉलपेननें, 'कायमचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या मार्करनें, संगणकाच्या लेझर यंत्रावर छापून, आणि साध्या पेन्सिलीनें. मग एकेक पट्टी पाण्यांत, स्पिरिटांत, ॲसिटोनमध्यें, विरल हायड्रोक्लोरिक आम्लांत व कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्यें बुडविली. निळी शाई पाण्यांतच पसरली व ब्लीचमध्यें नाहींशी झाली. बॉलपेन पाण्यांत टिकलें, पण स्पिरिटांत त्याचे ओघळ निघाले. 'कायमच्या' मार्करनें तर मुलांची चांगलीच निराशा केली. पाण्याला दाद न देणारी तीं ठळक अक्षरें स्पिरिटाचा बोळा फिरवितांच पुसून गेलीं. लेझरचा छाप बराच वेळ उभा राहिला, परंतु ॲसिटोननें तोहि विरघळून काळा चिखल झाला. पेन्सिलीचें अक्षर पांचहि भांड्यांतून जसेंच्या तसें बाहेर आलें. सर्वांत स्वस्त वस्तु पहिली आली याचें मुलांस फार नवल वाटलें!

यांतील मर्म असें कीं, पेन्सिलीचें 'शिसें' हें शिसें नसून ग्रॅफाइट व चिकणमाती यांचें मिश्रण आहे, आणि ग्रॅफाइट म्हणजे निव्वळ कार्बन. नेहमींच्या उष्णतेंत सामान्य आम्लें, अल्कली, स्पिरिट किंवा ब्लीच यांचें कार्बनापुढें कांहीं चालत नाहीं. रंगीत शायांतील रंगद्रव्यें रासायनिक दृष्ट्या नाजूक असतात. त्यांची घडण मोडली कीं रंगहि गेला. आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या त्या काजळाच्या शाईनें, आणि काजळ म्हणजेहि कार्बनच. म्हणून शेंकडों वर्षांनंतरहि त्या पोथ्यांचीं अक्षरें काळींभोर दिसतात. मात्र त्या शाईंत काजळ धरून ठेवणारा डिंक पाण्यांत विरघळतो. काजळ टिकाऊ, पण त्याचें बंधन कच्चें. या कारणानें भिजलेली पोथी फिसकटते. चिठ्ठीची निवड करतांना रंग कशाचा आहे याबरोबरच तो कशानें धरून ठेविला आहे हेंहि पाहिलें पाहिजे.

हें ज्ञान केवळ शाळेपुरतें आहे असें समजूं नये. रुग्णालयांत पेशींची तपासणी करण्यासाठीं कांचपट्टी तयार करितात, तेव्हां ती स्पिरिट व झायलीन यांच्या अनेक भांड्यांतून न्यावी लागते. पट्टीवर रोग्याचा क्रमांक साध्या शाईनें लिहिला तर तो वाटेंतच धुऊन जाईल, आणि एकाचा रोग दुसऱ्याच्या नांवावर चढेल. म्हणून त्या पट्टीचें एक टोंक खरखरीत केलेलें असतें व त्यावर पेन्सिलीनें लिहितात. प्राणिसंग्रहालयांत स्पिरिटांत ठेविलेल्या मासे-बेडकांच्या बरण्या आपण पाहतों. तेथें चिठ्ठी पुष्कळदां बाहेर न लावतां आंतच, त्या प्राण्याबरोबर बुडवून ठेवितात. चांगल्या प्रतीच्या कागदावर, पेन्सिलीनें किंवा न धुणाऱ्या काळ्या शाईनें लिहिलेली. बाहेरची चिठ्ठी गळून पडेल. आंतली बरणी फुटेपर्यंत सोबत करील.

शाळेच्या बाटल्यांसाठीं जुन्या रसायनशास्त्रज्ञांनीं आणखी एक उपाय वापरला आहे. चिठ्ठी डकवून पुरती वाळली कीं तिच्यावर, कडांच्याहि थोडें बाहेर जाईल असें, वितळलेलें पॅराफिन मेण कुंचल्यानें फिरवावें. आम्ल व सोडा यांस मेण दाद देत नाहीं. मात्र पेट्रोल, बेंझीन असल्या द्रवांत तें विरघळतें. त्या बाटल्यांस हें कवच निरुपयोगी. चिकटपट्टी डकविण्याचा मोह अनेकांस होतो, आम्हांसहि झाला होता. ती कांहीं वर्षांत पिंवळी पडते, तिच्या कडेनें द्रव आंत शिरतो, आणि मग तो बाहेर येत नाहीं.

कांचेवरच नांव कोरलें तर? हायड्रोफ्लोरिक आम्ल कांच खातें. कांचेस मेण लावून त्यांत अक्षरें कोरावीं व तेवढ्या रेघांवर आम्ल लावावें, म्हणजे बाटली असेपर्यंत नांव राहतें. परंतु तें आम्ल कातडींतून आंत शिरून हाडापर्यंत इजा करतें. शाळेंत त्याचें नांवहि काढूं नये. कारखान्यांत कांचेवर मिन्याचीं अक्षरें भट्टींत भाजून पक्कीं करितात, तीं अशींच चिवट असतात. अशा बाटलीचा दोष एवढाच कीं, तींत दुसरा पदार्थ भरला तर ती जन्मभर खोटें बोलत राहते.

मोठ्या उद्योगांत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येतो. रसायनांचीं पिंपें जहाजावरून जातात. एखादें पिंप समुद्रांत पडलें व पुढें कोळ्याच्या जाळ्यांत सांपडलें, तर आंत काय आहे हें त्यास कळावयास नको काय? म्हणून समुद्रवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत असें आहे कीं, धोकादायक मालावरील खुणा समुद्राच्या पाण्यांत निदान तीन महिने राहूनहि ओळखतां आल्या पाहिजेत. बी. एस. ५६०९ हें ब्रिटिश प्रमाण अशा चिठ्ठ्यांच्या परीक्षेसाठींच आहे. कागद येथें टिकणार नाहीं हें उघड आहे; तेथें पॉलिएस्टरसारख्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा वापरितात. त्यावर छापण्याची रीत अशी कीं, काळा रंग लाविलेली एक फीत यंत्रांत असते व उष्णतेनें तो रंग चिठ्ठीवर उतरतो. ही फीत मेणाची, मेण व राळ यांच्या मिश्रणाची, किंवा केवळ राळेची असते. मेणाची स्वस्त, पण नखानें खरवडली जाते. रसायनांशीं गांठ असेल तेथें राळेचीच घ्यावी. पोथीच्या शाईची गोष्ट येथें पुन्हां भेटते: काळा रंग बहुधा कार्बनचाच, टिकाऊपणा ठरतो तो त्यास धरणाऱ्या पदार्थावर. याउलट दुकानांतील पावत्या ज्या कागदावर निघतात त्यावर शाई नसतेच. उष्णतेनें कागदच काळा होतो. तसली चिठ्ठी उन्हांत व स्पिरिटांत लवकर बिघडते. ती रसायनाच्या बाटलीवर लावणें म्हणजे न लावणेंच.

गोंदाविषयीं थोडेंच सांगतों. पॉलिथिनच्या डब्यास साधा गोंद नीट धरीत नाहीं. त्यासाठीं निराळा घ्यावा लागतो. कसलाहि गोंद असो, पृष्ठभाग कोरडा व तेलकटपणाविरहित हवा, आणि लावल्यावर एक दिवस तरी चिठ्ठीस ओल लागूं देऊं नये. चिठ्ठीचे कोपरे गोल कापले तर ते सहसां उचलले जात नाहींत.

सर्वांत उत्तम उपायास पैसा लागत नाहीं. बाटलींतून द्रव ओततांना चिठ्ठी तळहाताकडे धरावी, म्हणजे उरलेला थेंब ओघळतो तो मागील बाजूनें. आमच्या कपाटांतील ज्या चिठ्ठ्या जळाल्या होत्या त्या बहुतेक सर्वांवर ओघळ वरून खालीं आलेला दिसत होता. म्हणजे अपराधी आम्ल नव्हतें, हात होता.

चिठ्ठीवर काय लिहावें यांतहि आळस नको. नुसतें 'गंधकाम्ल' पुरत नाहीं. तीव्र कीं विरल, हें पाहिजेच. सोडिअम नायट्रेट व सोडिअम नायट्राइट यांत लिहितांना एका अक्षराचा फरक, पण दुसरें पहिल्याहून पुष्कळ विषारी. मधलें एक अक्षर डागाखालीं गेलें तर घोटाळा ठरलेला. ईथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख हवी, कारण साठवणींत त्यांत स्फोटक पेरॉक्साइडें बनतात. लाल चौकटींतील चित्रांच्या ज्या नऊ धोक्याच्या खुणा आज अनेक देशांत चालतात, त्या विद्यार्थ्यांनीं पाठ कराव्या. ज्यास वाचतां येत नाहीं त्यालाहि त्या समजतात.

पालकांस एक विनंति. शौचकूप धुण्याचें ॲसिड किंवा रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलींत ओतून ठेवण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. त्या बाटलीवर चिठ्ठी असते, आणि ती चांगली टिकतेहि. पण ती सरबताची असते. लहान मूल तीच वाचतें. अशीं द्रव्यें मूळ बाटलींतच, कुलुपाच्या आड ठेवावीं.

त्या दोन बाटल्यांचें पुढें काय झालें? आम्हीं त्या न उघडतां एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेकडे पाठविल्या. तपकिरी चुरा झालेल्या चिठ्ठीच्या बाटलींत विरल गंधकाम्ल निघालें व निळ्या डागाच्या बाटलींत स्पिरिट. मुलें म्हणालीं, चिठ्ठीच्या दशेवरूनच हें ओळखतां आलें असतें. आलें असतें खरें. पण तेवढ्या तर्कावर आम्हीं ती बाटली कोणाच्या हातीं दिली नसती.

दिवाळीपूर्वीं नववीच्या वर्गानें कपाटांतील सर्व चिठ्ठ्या नव्यानें केल्या. अक्षर पेन्सिलीचें, खळींत मोरचूद, आम्लांच्या बाटल्यांवर मेण. स्पिरिटाच्या व ॲसिटोनच्या बाटल्यांवर मेण न लावतां निम्म्यांस पॉलिएस्टरच्या छापील चिठ्ठ्या डकविल्या आहेत व निम्म्यांस पेन्सिलीच्या, मुद्दाम तुलनेसाठीं. एक पावसाळा गेल्यावर कोणाची काय अवस्था झाली, तें पुढील वर्षाच्या अंकांत कळवूं.