रिपोर्ट नॉर्मल, माणूस वेगळा

जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली. पुराव्यात मेंदूच्या तपासणीचा अहवालही होता. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून आरोपीला गुन्ह्याच्या वर्णनाची वाक्यं ऐकवली गेली होती. तोंडातून शब्दही काढायचा नव्हता. मेंदूतल्या विद्युतलहरींवरून सॉफ्टवेअरने सांगितलं, की ही घटना या व्यक्तीने स्वतः अनुभवली आहे. चाचणीचं नाव ‘बीईओएस’. त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मनोविकार आणि मेंदूविज्ञान संस्थेचे संचालक डॉ. डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिला अशास्त्रीय ठरवलं. 5 मे 2010 रोजी, सेल्वी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने करण्यास मनाई केली.

गफलत यंत्रात कमी, तर्कात जास्त होती. आठवण जागी होताना अमुक लहर उठते, एवढ्यावरून ती लहर म्हणजे आठवणच, असं ठरत नाही. भीतीने उठेल, पोलिसांनी दहादा विचारलेला तोच प्रश्न पुन्हा ऐकूनही उठेल. सोबत दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं.

कारण शोधायचं तर मेंदूत काहीतरी बदलून वागणं बदलतं का, ते पाहावं लागतं. 1954 मध्ये माँट्रियलला ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली. कळ दाबली की सौम्य वीज मिळे, आणि उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार आणि डॉ. दादासाहेब कोकरे यांच्या गटाने याच पद्धतीने, ‘कार्ट’ नावाच्या मेंदूतल्या रसायनाचा सुखाच्या ओढीशी काय संबंध आहे, ते तपासलं.

माणसाच्या मेंदूत निव्वळ प्रयोगासाठी असे फेरफार करून पाहता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ आजाराची आणि अपघाताची वाट पाहत आले. 1861 मध्ये पॅरिसच्या ब्रोकाला ‘तान’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतरच पाहायला मिळाला. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सिटी स्कॅन झाला, आणि जिवंत माणसाच्या मेंदूतली इजा दिसू लागली.

आता ती तालुक्याच्या गावीही दिसते. कऱ्हाडच्या उत्तरेला, तारळी जिथे कृष्णेला मिळते, तिथे उंब्रज. पुणे-बंगळुरू महामार्ग गावाला लागूनच जातो. अशा गावातून हेल्मेटशिवाय मोटारसायकल घेऊन महामार्गावर येणाऱ्याला मार लागला, की त्याला कऱ्हाडला नेतात. कवटीचा कपाळामागचा तळ आतून खडबडीत असतो. धक्का कुठूनही बसो, मेंदूचा पुढचा भाग बहुतेकदा तिथे घासतो. जखम भरते, माणूस घरी येतो. मग घरचे म्हणू लागतात, “ह्यो पहिल्यासारखा राहिला न्हाय.” चिडतो, हातातलं काम अर्धवट टाकतो, पैसे उधळतो. दवाखान्यात मात्र आकडे बरोबर सांगतो, चित्र जुळवतो. चाचण्यांचा रिपोर्ट नॉर्मल.

1985 मध्ये एस्लिंगर आणि दमासिओ यांनी असाच एक रुग्ण नोंदवला: पुढच्या भागातली गाठ काढलेली, बुद्ध्यांक उत्तम, पण साधे निर्णय जमेनात. 1991 मध्ये शॅलिस आणि बर्जेस यांनी टेबलावरची परीक्षा बाजूला ठेवून डोक्याला इजा झालेल्या तीन रुग्णांना बाजारपेठेत सोडलं. थोडी खरेदी, थोडी चौकशी, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहणं, कमीत कमी खर्च. आणि घ्यायचं नसेल तर दुकानात शिरायचं नाही. दवाखान्यात पास झालेले तिथे गडबडले. माझ्या मते, मोठमोठ्या स्कॅनरच्या चित्रांपेक्षा या फेरफटक्याने वागण्याविषयी जास्त शिकवलं.

हीच परीक्षा उंब्रजच्या बाजारात घ्यायची झाली तर? पाव किलो वांगी, चहापत्ती, गोळ्यांची एक स्ट्रिप, चाफळच्या एसटीची चौकशी, परत यायची वेळ. काम सोपं वाटतं, गुण देणं अवघड. काही घ्यायचं नसताना दुकानात शिरणं ही मूळ परीक्षेत चूक. इथे ओळखीच्या दुकानदाराला न बोलता पुढे जाणं हेच विचित्र. घासाघीस केली तर तो नियमभंग की शहाणपणा? आणि तो दुकानदार स्वतःच म्हणेल, “आरं, चहापत्ती इसारलास!” तिथे परीक्षा बिघडली. पण याच आठवण करून देण्यावर तो माणूस गावात निभावून जातो, आणि पुण्याला कामाला गेला की उघडा पडतो. दोन्ही ठिकाणी मेंदूतली इजा तीच.

म्हणून आधी धडधाकट माणसांना त्याच बाजारातून फिरवावं लागेल, दवाखान्यातल्या चाचण्याही द्याव्या लागतील: त्याच वयाची, तेवढीच शिकलेली. चौथीत शाळा सोडलेल्या शेतकऱ्याने अशा चाचणीत आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून जोडताना वेळ घेतला, तर तो दोष मेंदूचा की सुटलेल्या शाळेचा, हे त्याशिवाय कळणार नाही. मदत किती वेळा मिळाली, कोणी केली, तेही लिहावं लागेल. रुग्णाच्या बायकोची मुलाखत वेगळी घ्यावी लागेल, नवरा समोर नसताना. कारण त्याला स्वतःत काही बदललंय असं बऱ्याचदा वाटतच नाही.