ऑनलाइन एम.ए.: तास कोण पाहणार?

भाषा-अध्यापनातली पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घ्यावी का, या प्रश्नातला मान्यतेचा भाग आता बराचसा निकालात निघाला आहे. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. (शाळेतल्या नोकरीसाठी बी.एड.ची अट असेल, तर ती या पदवीने भागत नाही.) खरी मेख आहे ती तासाच्या निरीक्षणात. केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठीचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम. पण त्यातही खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते, तेही प्रशिक्षकाच्या नजरेखाली. ऑनलाइन केला तरी यातून सुटका नाही. याउलट निबंध आणि प्रबंध लिहून पुरे होणारे एम.ए. आहेत. तिथे व्याकरण शिकवण्याच्या पाच पद्धतींवर उत्तम लिहिता येते आणि वर्गात मात्र ‘समजलं ना?’ विचारून, ‘हो’चा कोरस ऐकून पुढे जाण्याची खोड तशीच राहते.

यावर आक्षेप असा, की नोकरी करणाऱ्या शिक्षकाला वर्ग रोजच मिळतो. रात्री वाचलेले तो सकाळी करून पाहू शकतो. हे खरेच आहे, आणि त्याच्यासाठी ऑनलाइन पदवी नियमित पदवीपेक्षाही सोयीची ठरावी. पण स्वतःची खोड स्वतःला क्वचितच दिसते. तासाचे चित्रीकरण मागवून त्यावर मिनिटागणिक शेरे देणारा अभ्यासक्रम ही उणीव बरीच भरून काढतो. तेव्हा शुल्क भरण्याआधी माहितीपुस्तिकेत अध्यापन-सरावाला किती श्रेयांक आहेत, ते पाहावे.