बंदुकीच्या तोंडावरच्या खाचा

बारा बोअरची बंदूक खांद्याला लावून चाप ओढला की दोन गोष्टी घडतात आणि बहुतेक जण त्यांना एकच समजतात. दस्ता खांद्यात रुततो, तो धक्का. नळीचं तोंड वर उडतं, ती उसळी. नळीच्या तोंडाशी बसवायच्या ब्रेकबद्दल गेली शंभर वर्षं जे वाद चालू आहेत, त्यांतले निम्मे या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे आहेत असं माझं ठाम मत आहे.

या यंत्राचा सगळ्यात गाजलेला पूर्वज म्हणजे ‘कट्स कॉम्पेन्सेटर’. अमेरिकी मरीन कोअरमधले अधिकारी रिचर्ड कट्स आणि त्यांचा मुलगा, तोही मरीनच, या बापलेकांनी १९२०च्या दशकात तो तयार केला. १९२६ पासून तो थॉम्प्सन सबमशीनगनवर मिळू लागला. साध्या थॉम्प्सनची किंमत १७५ डॉलर, कट्स बसवलेलीची २००. नळीच्या पुढं एक आखूड तुकडा आणि त्याच्या वरच्या अंगाला आडव्या खाचा, एवढंच त्याचं रूप. गोळीमागून येणारा वायू खाचांतून वर उसळतो आणि नळीला खाली दाबतो.

पुढं कनेटिकटमधल्या लायमन कंपनीनं तो शॉटगनसाठी काढला. त्याच सुमारास अमेरिकेत स्कीट हा नेमबाजीचा खेळ जोर धरत होता. स्कीटमध्ये काही वेळा दोन तबकड्या एकदम उडतात. पहिली फोडल्यावर नळी पुन्हा रेषेवर यायला जितका उशीर, तितकी दुसरी लांब गेलेली. साहजिकच स्कीटवाल्यांनी लायमनचा कट्स उचलून धरला. देखण्या बंदुकीच्या टोकाला ती फुगीर, खाचाखाचांची पुंगळी बेढब दिसायची, पण तिच्या पुढच्या टोकाला वेगवेगळ्या चोकच्या नळ्या बदलून लावता यायच्या. छर्ऱ्यांचा फैलाव कमीजास्त करायची ती सोय त्या काळी फार मोलाची होती.

आता मूळ प्रश्न. शॉटगनवर हा ब्रेक खरोखर किती काम करतो?

ब्रेक चालतो तो वायूच्या जोरावर, आणि शॉटगनमध्ये मुळात वायूच थोडा. तिच्या काडतुसाचा कमाल दाब अमेरिकी मानकाप्रमाणे चौरस इंचाला ११,५०० पौंड, तर .३०८ रायफलीचा ६२,०००. एक साधा हिशोब करून पाहू. छर्रे आणि त्यांच्यामागचा वॅड मिळून ३० ग्रॅम, वेग सेकंदाला ४०० मीटर, दारू सव्वा ग्रॅम. दारूच्या वायूचा वेग शॉटगनमध्ये छर्ऱ्यांच्या दीडपट आणि रायफलीत गोळीच्या पावणेदोनपट धरायचा, असा अमेरिकी उद्योगाचा संकेत आहे. त्या हिशोबानं शॉटगनच्या एकूण धक्क्यात वायूचा वाटा येतो शंभरातले जेमतेम सहा. तेच .३०८ रायफलीत तो साधारण तिसरा हिस्सा भरतो. म्हणजे रायफलीवरचा ब्रेक खांदा वाचवतो ही गोष्ट खरी. शॉटगनवरच्या ब्रेकनं खांद्याचा मार निम्मा होतो असं कोणी सांगू लागला तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. तेवढा वायू तिथं नाहीच.

पण उसळीचं गणित वेगळं आहे, आणि मला या विषयात खरी गोडी वाटते ती इथं. नळीची रेषा खांद्याच्या टेकूच्या वर साधारण पाच सेंटीमीटर असते. त्या अंतरामुळेच मागं येणारा धक्का बंदुकीचं तोंड वर फिरवतो. खाचांतून वर जाणारा वायू मात्र नळीच्या अगदी टोकाला दाब देतो, खांद्यापासून मीटरभराहूनही लांब. दार बिजागरीपाशी ढकलायला जोर लागतो आणि कडीपाशी बोटानं हलतं, तसंच हे. तरफ वीसपट लांब असल्यामुळे तो चिमूटभर वायूही उसळीवर परिणाम करू शकतो. किती, ते मात्र कागदावर ठरत नाही. वायू सुसाट पुढं धावत असतो. त्यातला थोडाच खाचांकडे वळतो, बाकीचा छर्ऱ्यांमागून सरळ निघून जातो. शिवाय खांदा काही पोलादी खुंटी नव्हे, तोही मागं सरकतो.

म्हणून चाचणी हवी, आणि ती नीट हवी. नुसती ब्रेक असलेली आणि नसलेली बंदूक उडवून कॅमेऱ्यानं टिपली की झालं, असं वाटतं. पण ब्रेकला वजन असतं आणि ते टोकाला असतं. टोकाशी वाढलेलं वजन एकट्यानंच उसळी कमी करतं. त्यामुळे तिसरी बंदूक लागते, खरं तर तिसरी पुंगळी: तितकीच लांब, तितकीच जड, पण एकही खाच नसलेली. खाच असलेल्या आणि नसलेल्या पुंगळीतला फरक ही वायूची खरी कमाई. उघडी नळी आणि बिनखाचेची पुंगळी यांतला फरक ही नुसत्या लोखंडाची. ज्या चाचणीत ही बिनखाचेची पुंगळी नाही, तिच्या आकड्यांना मी फारशी किंमत देत नाही.

काडतुसं एकाच लॉटमधली हवीत. मागं मोजपट्टी रेखलेला फळा आणि सेकंदाला निदान हजार चित्रं टिपणारा कॅमेरा हवा, कारण गोष्ट मिलिसेकंदांची आहे. छर्रे नळीतून ७० सेंटीमीटर पुढं धावतात तेवढ्यात सव्वातीन किलोची बंदूक मागं सरकलेली असते फक्त सहा-सात मिलिमीटर. उसळीचा मोठा भाग छर्रे बाहेर पडल्यानंतरचा. त्यामुळे ब्रेकनं पहिला बार अधिक अचूक होईल ही आशा व्यर्थ. त्याचा उपयोग असला तर दुसऱ्या बाराला. मोजायचं तेही तेच: तोंड किती अंश वर गेलं आणि किती वेळात पुन्हा रेषेवर आलं.

माणूस हा या चाचणीतला सगळ्यात बेभरवशाचा भाग. बंदूक लोखंडी घोडीला जखडली तर आकडे एकसारखे येतात, पण घोडीला खांदा नसतो. खांद्यावरून उडवली तर नेमबाज थकतो, धक्क्याच्या अपेक्षेनं आधीच अंग आवळतो. म्हणून पुंगळ्यांचा क्रम सरमिसळ ठेवावा आणि टोकाला कोणती बसवली आहे हे त्याला कळू देऊ नये. हे शेवटचं जवळजवळ अशक्य आहे, कारण खाचांतून सुटलेला आवाज कानाला लगेच कळतो. मोठा आवाज आणि तोंडावर येणारा झोत यांमुळे हाच धक्का जोराचा भासतो. ब्रेक लावल्यावर बंदूक जास्त मारते असं कोणी शपथेवर सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. त्याचा कान त्याच्या खांद्याबद्दल साक्ष देत असतो.

पुढं बंदुकांच्या नळीतच आट्यांनी बसणारे चोक आले आणि कट्सची अर्धी गरज संपली. खाचांची जागा बहुतेक ठिकाणी नळीलाच टोकाजवळ पाडलेल्या बारीक भोकांनी घेतली. वजन वाढत नाही, पण भोकांत शिसं, काजळी आणि वॅडचं प्लास्टिक साठतं; ती वेळच्या वेळी साफ करावी लागतात. आवाजाची तक्रार मात्र कायम आहे. क्षणिक आवाजाला १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात आणि साधी शॉटगनच ती सहज ओलांडते. वर आणि बाजूंना वळवलेला झोत नेमबाजापेक्षा शेजारच्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी अधिक जातो. म्हणून चाचणीत एक मायक्रोफोन त्या शेजाऱ्याच्या कानाच्या उंचीवरही लावावा आणि त्याचा आकडा उसळीच्या आकड्याशेजारीच छापावा.