संगणकाच्या पडद्याआडचा कायदा

प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस जवळ आला की देशभर दोनच प्रश्न विचारले जातात: संकेतस्थळ चालू आहे का, आणि मुदतवाढ मिळणार का? ३१ जुलै २०२४ या एकाच दिवशी सुमारे ७० लाख विवरणपत्रे दाखल झाली. एवढा भार पेलणे सोपे नाही, हे मान्य. परंतु २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवताना खुद्द केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नमुन्यांतील बदल आणि यंत्रणेच्या तयारीला लागणारा वेळ ही कारणे दिली. अखेरीस आणखी एक दिवस वाढवावा लागला.

तंत्रज्ञान जुने झाले असेल तर नवे आणावे, हा उपाय आपण करून पाहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ४,२४२ कोटी रुपयांच्या एकात्मिक यंत्रणेला मंजुरी दिली. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि लगोलग तक्रारींचा ओघ लागला. ऑगस्टमध्ये ते सलग दोन दिवस बंद पडले, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाचारण केले. पुढे यंत्रणा स्थिरावली. विवरणपत्रांवर प्रक्रिया होण्याचा सरासरी काळ २०१३-१४ मधील ९३ दिवसांवरून दहा दिवसांवर आल्याचे २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगण्यात आले. हे यश नाकारण्याचे कारण नाही.

मला चिंता वाटते ती वेगाची नव्हे, अधिकाराची. ५ जुलै २०२४ रोजी विवरणपत्राच्या संगणकप्रणालीत एक बदल झाला. त्यानंतर समभागांवरील अल्पकालीन नफ्यासारख्या, विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर कलम ८७अ खालील सूट मागण्याची सोयच उरली नाही. कायद्याचा अर्थ वादग्रस्त होता. पण त्याचा निवाडा अधिकाऱ्याने किंवा न्यायाधिकरणाने नव्हे, तर प्रणालीने आधीच करून टाकला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये करदात्याला सूट मागू देण्याचा आदेश दिला. मागणी मान्य करायची की नाही, हे नंतर कायद्यानुसार ठरावे; ती मांडण्याचा मार्गच प्रणालीने बंद करू नये, हा त्यामागचा विचार.

आधुनिकीकरणाची खरी कसोटी येथे आहे. नमुने आणि करगणनेचे नियम आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावेत. कर सल्लागारांना ते आधी तपासता यावेत. हंगामाच्या मध्यात झालेला प्रत्येक बदल कारणासह नोंदवला जावा. संकेतस्थळ बंद राहिल्यास तेवढी मुदत आपोआप वाढावी. आज करदात्याला उशीर झाल्यास पाच हजार रुपयांपर्यंत शुल्क पडते. यंत्रणेला उशीर झाल्यास मात्र त्याने परिपत्रकाची वाट पाहत बसायचे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ घेत आहे. ८१९ कलमे ५३६ वर आली आहेत. मात्र आधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्या कायद्यानेच चालतील. म्हणजे यंत्रणेला दोन्ही कायद्यांची गणिते काही वर्षे शेजारी शेजारी सांभाळावी लागतील. संसदेने कायद्याची भाषा सोपी केली. तोच कायदा पडद्याआड कोणत्या सूत्रांनी चालतो, हे सामान्य करदात्याला वाचता येईपर्यंत ही सुधारणा अपुरीच राहील, असे मला वाटते.