लेसरइतकीच महत्त्वाची मोजमापं

लग्न ठरलं किंवा चष्म्याचा कंटाळा आला की अनेक तरुण-तरुणी लेसरने नंबर घालवण्याचा विचार करतात. ‘कोणतं मशीन चांगलं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पण मशीन दिलेल्या आकड्यांनुसारच काम करतं. आकडा चुकला तर लेसर ती चूकही तितक्याच अचूकपणे डोळ्यावर कोरतो!

लॅसिकमध्ये डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार दिला जातो. त्याची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. समजा, एखाद्याची जाडी ४८० आणि नंबर उणे ८ आहे. वरची पापुद्र्यासारखी चकती सुमारे ११० मायक्रॉनची. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात हा नंबर घालवायला साधारण ९६ मायक्रॉन भाग काढावा लागतो. खाली उरतात २७४. हा थर किमान २५० तरी असावा, असा संकेत आहे. आता जाडी मोजताना ३० मायक्रॉनची चूक झाली आणि ती प्रत्यक्षात ४५० असली, तर उरतात फक्त २४४. असा कमकुवत पडदा पुढे फुगू शकतो आणि नजर पुन्हा बिघडते.

चूक होते कुठे? सर्वांत नेहमीचं कारण कॉन्टॅक्ट लेन्स. तिच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून तपासणीआधी मऊ लेन्स साधारण एक ते दोन आठवडे, तर कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवायला सांगतात. डोळे कोरडे असले तरी मापं बदलतात. तिरका नंबर असेल तर आणखी एक अडचण असते. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो आणि अक्ष दहा अंशांनी चुकला तर दुरुस्तीचा परिणाम सुमारे एक तृतीयांशाने घटतो. त्यासाठी रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर खूण करतात किंवा मशीन बुबुळाच्या नक्षीवरून डोळ्याची स्थिती ओळखतं.

त्यामुळे लेन्स कालपर्यंत घातली असेल तर ते लपवू नका. गेल्या वर्षभरात नंबर स्थिर आहे का, हे जुन्या चिठ्ठ्यांवरून दाखवा. मापं जुळत नसतील तर डॉक्टर पुन्हा बोलावतील. तो हेलपाटा समजू नका. शस्त्रक्रियेनंतर सगळे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर नव्या भिंगाचा नंबर काढताना हेच जुने आकडे उपयोगी पडतात.