अळीच्या पोटातली फितुरी

संतवाङ्मय शिकविताना भ्रमर-कीटकाचा दृष्टांत आला, की वर्ग जरा सावरून बसतो. कुंभारीण माशी अळीला धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते आणि तिच्या ध्यासाने ती अळीच माशी होते! विज्ञान शिकून आलेला एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास उठतो. "सर, अळीची माशी होत नाही. माशीचं पिल्लू अळीला खातं!" खरेच आहे ते. भक्तीला त्याने बाध येत नाही, हा भाग निराळा.

पण वाचकहो, खरी हकीकत दृष्टांताहून कमी नवलाची नाही. गांधीलमाशीच्या गोतातली हॅब्रोब्रॅकॉन नावाची एक मुंगीएवढी माशी आहे. गोदामातले धान्य नासणाऱ्या, आपल्या डब्यातल्या जुन्या रव्यात जाळी करणाऱ्या अळ्या ही तिची सावजे. ती नांगी मारते, अळी लुळी पडते. मग ही बाई तिच्या अंगावर अंडी घालते. अंडी घालायची नसली, तरी कित्येक अळ्यांना ती उगीचच डंख करून ठेवते. लुळी अळी मात्र लगेच मरत नाही. पुष्कळ दिवस तशीच पडून राहते.

त्या दिवसांत तिच्या पोटात काय चालते? रशियातील नोव्होसिबिर्स्कच्या संशोधकांनी पोळ्यातले मेण खाणाऱ्या अळीवर प्रयोग करून २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केले. या अळीच्या आतड्यात एरवी एन्टेरोकोकस जीवाणूंचे राज्य असते. डंखानंतर जीवाणूंची संख्या वाढली आणि सत्ता एन्टेरोबॅक्टेरिया या दुसऱ्याच कुळाकडे गेली. विषाने अळीची प्रतिकारशक्ती खचलेली. अशा अळीवर बुरशीने सहज ताबा मिळविला. माशीने बाहेरून घाव घातला आणि गडावर आतूनच फितुरी झाली, म्हणा ना!

असाच संशय त्याआधीही आला होता. बीटी हा जीवाणू पिकांवर फवारतात. त्याच्या विषाने अळीचे आतडे फाटते. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे २००६ मध्ये झाडांची पाने फस्त करणाऱ्या जिप्सी पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविके चारून त्यांच्या पोटातले जीवाणू मारले, तर बीटीने त्या मरेनात! एन्टेरोबॅक्टर जीवाणू पुन्हा पोटात घातले, तेव्हा मरू लागल्या. पण २००९ मध्ये कोबीवरील व तंबाखूवरील अळ्यांवर इतरांनी प्रयोग केले, तर त्या घरच्या जीवाणूंवाचूनही मेल्या. म्हणजे एका अळीचा न्याय दुसरीला लावता येत नाही. विद्वानांचा वाद होणारच, आणि मला तो वाद निकालापेक्षाही आवडतो.

शेतकऱ्याला वादाशी काय करायचे? त्याला पीक वाचवायचे असते. नारळाची पाने खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीवर हॅब्रोब्रॅकॉनचीच एक बहीण बागेत सोडतात. मात्र सोडल्यावर कोणी जहाल औषधाचा फवारा मारला, तर अळीबरोबर हीही जाते. पुढच्या पिढीच्या अळ्यांना डंख मारायला बागेत मग कोणी उरत नाही.